राण्या न टाकणारा भाडेकरू

माझ्या मागच्या खोलीत एक भाडेकरू नऊ वर्षं राहिला. तो बादली ओतायच्या आधी शिट्टी वाजवायचा. आधी एक लांब, मग दोन आखूड, आणि मग बादली मोरीत. पहिल्या दिवशी मी भाकरी थापत होते. शिट्टी ऐकली आणि हातातली भाकरी चुलीत पडली. बाहेर येऊन विचारलं, काय झालं.

"काय न्हाई," तो म्हणाला, "पाणी सोडायलोय. खाली कुणी असंल तर बाजूला व्हावं."

खाली माझी एक शेळी बांधलेली होती. ती बाजूला झाली नाही. त्यानं परत एकदा शिट्टी वाजवली, शेळीकडं बघितलं, आणि बादली ओतली. शेळी भिजली. मला म्हणाला, "आपण सूचना दिली होती."

येलदरीच्या धरणावर पाण्यावर वीज करतात, तिथं त्याची सगळी नोकरी झाली. तिथं पाणी सोडायच्या आधी भोंगा वाजवावा लागतो, कारण खाली नदीत कुणी धुणं धूत असतं, कुणी मासे धरत असतं. नोकरी संपली, भोंगा तिथंच राहिला, म्हणून त्यानं शिट्टी विकत घेतली. ती सुतळीत ओवून गळ्यात असायची. झोपतानाही असायची. मानवतमध्ये आमच्या गल्लीत सगळे त्याला आपरेटर म्हणायचे. मी तोंडावर साहेब म्हणायचे आणि माघारी 'तो' म्हणायचे. तो जाऊन आता दोन वर्षं झाली, कायमचा माघारीच आहे. म्हणून 'तो' म्हणते.

माणूस वाईट नव्हता. कटकट्या होता. रोज सकाळी आठ वाजता माझ्या पाण्याच्या हौदात काठी बुडवायचा, ओल कुठपर्यंत आली ते बघायचा आणि वहीत लिहायचा. मग मला हाक मारून सांगायचा, "मालकीणबाई, पातळी बरोबर हाय." हौद माझा, पाणी माझं, नळ कधी येतो ते मला माहीत. पण सांगितल्याशिवाय तो चहा प्यायचा नाही. बायको वारलेली, एक लेक नांदेडला दिलेली. लेक दर रविवारी फोन करायची, तेव्हाही तो हौदाची पातळी सांगायचा. लेक बिचारी "बरं बाबा" म्हणायची.

त्याच्या खोलीत एक खुर्ची, एक कॉट आणि पत्त्यांचे दोन कॅट. पत्त्यांचा एक खेळ तो धरणाच्या कॉलनीत शिकला होता. मशीन दुरुस्त करायला बाहेरून एक इंजिनियर आला होता, तो सहा महिने राहिला आणि सगळ्या आपरेटरांना पोकर शिकवून गेला. मशीन दुरुस्त झालं का, असं मी विचारलं होतं. "ते परत बिघडलं," तो म्हणाला, "पण खेळ टिकला."

आमच्याकडं पत्ते म्हणजे गडी माणसांचा तीन पत्ती. पोळ्याला, दिवाळीला झाडाखाली बसतात आणि भांडून उठतात. बायकांनी पत्ते धरायची पद्धत नव्हती. पण माझा नवरा गेलेला, मुलगा पुण्याला, शेळ्या दुपारी आपल्या आपण रवंथ करतात. दुपार लांब असते. एका उन्हाळ्यात मी लिंबाखाली चिंच फोडत बसले होते, तो येऊन म्हणाला, "मालकीणबाई, दोघांत खेळ रंगत न्हाई, पण शिकता तरी येतो." मी चौथी शिकलेली. आकडे येतात, राजा-राणी ओळखता येते. शिकले.

तिसरी खेळायला सिस्टर आली. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेली नर्स, मागच्या भीमनगरात राहते. निम्म्या मानवतला तिनं सुया टोचलेल्या आहेत, त्यामुळं ती कुणाला भीत नाही. चौदा एप्रिलच्या आठवड्यात ती मिरवणुकीच्या तयारीत असायची, तेवढे दिवस डाव बंद. एरवी रोज दुपारी दोन ते चार.

खेळ असा. प्रत्येकाला दोन पानं मिळतात, ती लपवून धरायची. मग मध्ये जमिनीवर तीन पानं उघडी पडतात, नंतर एक, नंतर आणखी एक. जमिनीवरची पानं सगळ्यांची. आपली दोन आणि ती मिळून ज्याचं चांगलं जमलं तो जिंकला. पानं पडत असताना मध्ये मध्ये आपापली बोली टाकायची. ज्याला परवडत नाही त्यानं पत्ते टाकून गप बसायचं. सगळ्यांनी पत्ते टाकले आणि एकच उरला, तर त्यानं हातात काय होतं ते दाखवायची गरज नाही.

ह्या शेवटच्या नियमावर आपरेटर फार कडक होता. डाव सोडल्यावर सिस्टर हटकून विचारायची, "काय होतं हो साहेब तुमच्याकडं?" तो पत्ते छातीला लावून म्हणायचा, "बघायचं तर किंमत टाका. फुकट बघायला हे काय नवरीचं तोंड हाय?"

किंमत म्हणजे चिंचोके. पैशानं खेळायचं नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. माझ्या झाडाचे चिंचोके शेरानं निघतात. कच्चे ठेवले तर किडा लागतो, म्हणून मी भाजून ठेवायचे. त्यामुळं एक अडचण झाली. आपरेटर आपली पुंजी खायचा. त्याला दाढा चारच होत्या, फोडता यायचा नाही, मग चिंचोका गालात धरून बसायचा. सिस्टरनं नियम केला की तोंडात गेलेला चिंचोका डावात धरला जाणार नाही. एकदा त्यानं गालातला काढून, धोतराला पुसून मध्ये टाकला, तेव्हा सिस्टर उठून घरी गेली आणि दोन दिवस आली नाही.

तो कधी खातो, हे मला पाचसहा महिन्यांनी कळलं. त्याला भीती वाटली की खायचा. पत्ते चांगले असले तर हात मांडीवर. पण जमिनीवर नको ते पान पडलं, की हात आपला आपण चिंचोक्याकडं जायचा आणि गाल फुगायचा. हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं. सिस्टरलाही नव्हतं. मी कुणाला सांगितलं नाही. शेळी कधी शिंग मारणार ते तिच्या कानावरून कळतं, पण ते शेळीला सांगत बसत नाहीत.

शिकवायला मात्र तो चांगला होता. सगळं धरणावरून समजावून सांगायचा. म्हणायचा, "हातात दोन राण्या आल्या. चांगली जोडी हाय. हे आपलं धरण, भिंत चांगली उंच. मग जमिनीवर तीन पानं पडली आणि त्यात बादशा निघाला. म्हंजे काय झालं? वर कुठंतरी पाऊस झाला. आता दुसऱ्या कुणाच्या हातात एक जरी बादशा असला, तर त्याची बादशाची जोडी झाली आणि आपल्या भिंतीवरून पाणी गेलं. अशा टायमाला भिंत किती चांगली बांधलीय ह्याचा अभिमान धरायचा न्हाई. तीन गोष्टी विचारायच्या. कोण बोललं, कसं बोललं, कधी बोललं. गप बसणारा माणूस एकदम मोठी बोली बोलला, तर राण्या टाकायच्या. हसत टाकायच्या."

हे त्यानं आम्हाला शंभरदा सांगितलं. आणि स्वतः एकदाही केलं नाही. गुलामाची जोडी टाकायचा, दश्शीची टाकायचा, एक्का एकटा आला तर टाकायचा. राण्या आल्या की त्याचं सगळं शिक्षण पाण्यात. बादशा पडो, एक्का पडो, दोन्ही पडोत, गाल फुगायचा, पण पत्ते हातातून सुटायचे नाहीत. आणि हरायचा.

"का टाकीत न्हाई?" सिस्टर विचारायची.

"ती राणी हाय," तो म्हणायचा. "अशी कशी टाकायची?"

"पत्ता हाय तो, साहेब."

"तुमाला न्हाई कळायचं."

मला वाटायचं बायकोचं काही असेल. एकदा विचारलंही. तो म्हणाला, "छे. बायकोचं आणि माझं कधी पटलं न्हाई." मग मी तो विषय सोडला.

सगळी पुंजी एकदम लावायची झाली तर तो "सगळे दरवाजे" म्हणायचा, आणि शिट्टी वाजवायचा. एक लांब, दोन आखूड. भर दुपारी गल्लीतली झोपलेली माणसं जागी व्हायची. पण नियम होता. सगळे दरवाजे उघडायचे तर शिट्टी झालीच पाहिजे.

सातव्या वर्षी त्याचे डोळे गेले. म्हणजे हळूहळू गेले, कळलं सातव्या वर्षी. माझ्या दारात ज्वारीचं पोतं उभं होतं, त्याला त्यानं "राम राम पाटील" केलं. पाटलांनी उत्तर दिलं नाही म्हणून दिवसभर रागात होता. मग हौद. चार दिवस नळ आला नव्हता, हौदाच्या तळाला पाल फिरत होती, आणि तो रोज सकाळी काठी बुडवून सांगत होता, "पातळी बरोबर हाय." मी विचारलं, कशावरून. म्हणाला, "अंदाजावरून."

सिस्टरनं बॅटरी मारून बघितलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पिकून पांढरा झालेला. परभणीला डोळ्याचं शिबिर होतं, ती म्हणाली, मी नेते. तो नको म्हणाला. लेकीला फोनवर कळलं, कारण मीच कळवलं. लेक म्हणाली, "बाबा, डोळे करा, न्हाई तर खोली सोडा आन माझ्याकडं या. आंधळ्या माणसाला एकटं ऱ्हाऊ देणार न्हाई मी."

त्याला दोन्ही नको होतं. लेकीचं घर तिसऱ्या मजल्यावर. ना हौद, ना मोरी बाहेर, शिट्टी वाजवली तर शेजारचे तक्रार करतात. आणि आपरेशनला तो भ्यायचा. कबूल करायचा नाही. "चालू मशीनला हात लावायचा नसतो," म्हणायचा.

"चालू कुठंय?" सिस्टर म्हणाली. "पोत्याला पाटील म्हणायलाव तुमी."

शेवटी सिस्टरनंच पैज लावली. एक डाव. ती जिंकली तर त्यानं गुरुवारी शिबिराला यायचं. तो जिंकला तर वर्षभर डोळ्याचा विषय काढायचा नाही. तो लगेच हो म्हणाला. खेळात तो आपल्याला सगळ्यांत शहाणा समजायचा.

मी पत्ते पिसून वाटले. दोन दोन पानं. तो पत्ते डोळ्याला लावून बघायचा आता, नाकाला टेकवून. बघितले, आणि ताठ बसला. मी जमिनीवर तीन पानं उघडली. किलवरचा बादशा, आणि दोन बारकी पानं.

मी त्याच्या गालाकडं बघितलं. हात मांडीवर. चिंचोक्याकडं गेला नाही. बादशा पडला आणि ह्याला भीती नाही, म्हणजे ह्याच्याकडं फार मोठं काही आहे. मी माझे पत्ते गप टाकले. सिस्टरनं पाच चिंचोके टाकले. सिस्टर उगाच टाकणारी बाई नव्हे.

त्यानं शिट्टी तोंडात धरली. एक लांब, दोन आखूड. "सगळे दरवाजे."

सिस्टरनं आपले पत्ते परत एकदा बघितले. मग म्हणाली, "उघडा. मी बी उघडले." आणि सगळे चिंचोके मध्ये ढकलले.

मी चौथं पान टाकलं, पाचवं टाकलं. कुणाच्या कामाची नव्हती. सिस्टरनं पत्ते ठेवले. इस्पिकचा बादशा होता तिच्याकडं. बादशाची जोडी.

आपरेटरनं आपले पत्ते सावकाश एकेक करून ठेवले. इस्पिकची राणी, चौकटची राणी. "तीन राण्या," म्हणाला, आणि मिशीवरून हात फिरवला.

आम्ही दोघींनी जमिनीवर बघितलं. सिस्टर म्हणाली, "तिसरी कुठंय?"

"ही काय." त्यानं बोट ठेवलं. किलवरच्या बादशावर.

"साहेब," सिस्टर म्हणाली, "तिला दाढी हाय."

मी हसले. नको हसायला होतं, पण हसू आवरलं नाही. सिस्टरही हसली. त्यानं तो पत्ता उचलला, नाकाशी नेला, उन्हात धरला, परत नाकाशी नेला. मग दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पत्त्यावरची दाढी चोळून बघितली, जशी काही ती लागलेली माती आहे. ती निघाली नाही. पत्ता खाली ठेवून त्यानं एक चिंचोका तोंडात टाकला.

"गुरुवारी किती वाजता निघायचं?" म्हणाला.

परभणीहून तो काळा चष्मा लावून आला. उजवा डोळा केला होता. आठ दिवसांनी चष्मा काढला, माझ्यासमोर उभा राहिला आणि नीट बघून म्हणाला, "मालकीणबाई, तुमी तर लय म्हाताऱ्या दिसायलाव."

"ते आधीपासूनच हाय," मी म्हटलं. "तुमाला बातमी उशिरा कळली."

मग त्यानं हौदात काठी बुडवली, वर काढली, बघितली, आणि वहीतली मागची दोन पानं फाडून टाकली.

दुसऱ्या डोळ्याचं नाव काढलं की परत तेच. आता नवीन कारण होतं. "धरणावर एक मशीन चालू असतं आन एक राखीव असतं. दोन्ही एका टायमाला लागत न्हाईत." सिस्टर म्हणाली, राखीव मशीन चालणारं असतं, तुमचं बंद आहे. तो म्हणाला, ते बाईमाणसाला समजायचं नाही. सिस्टरनं त्या दिवशी त्याला बाईमाणसाच्या दोनचार गोष्टी ऐकवल्या.

डाव्या बाजूनं त्याला काही दिसत नव्हतं. शेळ्यांना हे लगेच कळलं. डावीकडून यायच्या आणि त्याची वही ओढायच्या. पावसाळ्याच्या शेवटी तो मोरीच्या पायरीवरून डावीकडं पडला. शिट्टी तोंडात होती, त्यामुळं पडतानाही वाजली. मी धावले. मुका मार होता, पण खुबा मोडला तर माणूस उठत नाही. त्याला ते माहीत होतं, मला माहीत होतं, शेळीलाही माहीत असेल. लेक नांदेडहून आली. तिनं रडारड केली नाही, ही तिची चांगली गोष्ट. म्हणाली, "एक तर दुसरा डोळा माझ्याकडं येऊन करून घ्या. करून परत या, मी अडवणार न्हाई. न्हाई तर सामान बांधा, कायमचं. दिवाळीपर्यंत काय ते सांगा."

दिवाळी जवळ आली तरी तो सांगेना. दोन्ही नको, हेच. लेक येऊन सामान बांधणार आणि हा मुकाट्यानं जाणार, हे मला दिसत होतं. खोली मला दुसऱ्याला देता आली असती, त्याचं काही नाही. पण शिकवलेला खेळाडू परत मिळत नाही.

मी म्हटलं, "साहेब, एक डाव. मी जिंकले तर तुमी दुसरा डोळा करायचा. तुमी जिंकला तर लेकीला मी समजावते."

"तुमचं ऐकंल ती?"

"माझं कोण ऐकत न्हाई?"

त्यानं जरा विचार केला. "बसा."

सिस्टरनं पत्ते वाटले, ती खेळली नाही. माझ्याकडं आली चौकटची सत्ती आणि किलवरची दुर्री. ह्यापेक्षा वाईट दोन पानं कॅटात शोधावी लागतील. त्यानं आपले पत्ते बघितले, आता हातभर लांबून, रुबाबात. ताठ बसला. दहा चिंचोके मध्ये टाकले. मी टाकायला नको होते. टाकले.

सिस्टरनं तीन पानं उघडली. नव्वी, चौकी आणि बदामचा बादशा.

मी पत्त्यांकडं बघितलंच नाही. त्याच्याकडं बघत होते. त्याचा हात मांडीवरून निघाला, चिंचोक्यांवर आला, एक उचलला आणि तोंडात टाकला. गाल फुगला.

मी हात पुढं केला. "साहेब, शिट्टी द्या."

"काय?"

"शिट्टी. सगळे दरवाजे उघडायचेत. नियम हाय ना?"

त्यानं गळ्यातून सुतळी काढली आणि शिट्टी माझ्या हातात दिली. सात वर्षांत पहिल्यांदा ती त्याच्या गळ्यातून निघाली असेल. मी पदरानं पुसली आणि वाजवली. एक लांब, दोन आखूड. मग माझे होते तेवढे चिंचोके मध्ये ढकलले. एकोणतीस.

तो पुटपुटायला लागला. "कोण बोललं? मालकीणबाई. कसं बोलल्या? सगळं लावून. कधी बोलल्या? बादशा पडल्यावर." चिंचोका ह्या गालातून त्या गालात गेला. "सात वर्षांत ह्या बाईनं उगाच एक चिंचोका टाकला न्हाई. भाजीत मीठ टाकायचं तरी मोजून टाकती. ही काय थाप मारणार न्हाई. सिस्टर, तुमाला काय वाटतं?"

"मला कायच वाटत न्हाई," सिस्टर म्हणाली. "मी वाटणारी हाय."

तो माझ्या तोंडाकडं बघत होता, एका चांगल्या डोळ्यानं. मी शेळीकडं बघत होते. शेळीकडं बघताना माझं तोंड कसं असतं ते त्याला माहीत होतं, त्यात काही नवीन दिसायचं नाही.

मग त्यानं आपले पत्ते उघडे करून जमिनीवर ठेवले. दोन राण्या. बदामची आणि इस्पिकची.

"टाकल्या," म्हणाला. "बघा सिस्टर, राण्या टाकल्या मी. बादशा बघितला, माणूस बघितलं आन टाकल्या. हसत टाकल्या."

हसत काही नव्हता. पण टाकल्या होत्या.

मग माझ्याकडं वळून म्हणाला, "बादशा होता ना?"

मी माझी दोन्ही पानं कॅटात मिसळून टाकली. "बघायचं तर किंमत टाका."

दिवाळीनंतर लेक आली आणि त्याला नांदेडला घेऊन गेली. एकाच पिशवीत कपडे. कॅट माझ्याकडं ठेवले, शिट्टी घेऊन गेला. आपरेशन नीट झालं. पण लेक म्हणाली, महिनाभर राहा, मग आणखी महिनाभर. मला वाटलं आता काही येत नाही. दोघींत खेळ रंगत नाही. सिस्टर चार वाजेपर्यंत बसायची, आम्ही लोकांविषयी बोलायचो. पण आमच्या गल्लीत बोलण्यासारखी माणसं फार नाहीत.

फोन यायचा. पातळी विचारायचा. आणि राण्यांचं सांगायचा. डोळ्याच्या डॉक्टरला सांगितलं म्हणे, जावयाला सांगितलं, तिसऱ्या मजल्यावर येणाऱ्या दूधवाल्याला सांगितलं. "आयुष्यात पहिल्यांदा राण्या टाकल्या, आन बरोबर टाकल्या." मग आवाज हळू करून विचारायचा, "मालकीणबाई, होता ना?" मी परत पातळी सांगायचे. खोटं बोलायची मला सवय नाही, आणि खरं सांगितलं असतं तर तो दूधवाल्यापासून सगळ्यांकडं परत गेला असता.

संक्रांतीच्या पुढंमागं पोस्टानं एक जाड पाकीट आलं. हातात घेतलं तर खुळखुळलं. आत चिंचोके होते. मोजले, एकोणतीस. बरोबर चिठ्ठी, वळणदार अक्षरात, वहीत पातळी लिहायचा तसं. "मालकीणबाई यांस. तुम्ही लावलेले सर्व चिंचोके एकोणतीस होते. तेवढीच किंमत टाकली आहे. आता दाखवा."

नियम त्याचाच. किंमत टाकली की दाखवावं लागतं. मी चिठ्ठी घेऊन शेळ्यांपाशी बसले. सत्ती आणि दुर्री पाठवावी तर ह्या माणसानं आयुष्यात एकदा राण्या टाकल्या, त्याही सत्ती-दुर्रीसमोर. नाही पाठवावी तर बेइमानी. बेइमानी करायचीच आहे तर निम्मी कशाला करायची, असं मी ठरवलं. कॅट काढला, चाळला, बादशा काढला आणि पाकिटात घालून पाठवून दिला. बावन्नातला एक गेला. नवा कॅट मिळतो.

आठव्या दिवशी दुपारी फोन.

"पत्ता पोचला," तो म्हणाला.

"बरं झालं."

"छान हाय. दाढी स्वच्छ दिसायलीय. तलवार बी दिसायलीय. दोन्ही डोळ्यांनी बघायलोय."

"बघा."

"मालकीणबाई, त्या दिशी जमिनीवर कोणता बादशा पडला होता?"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. चार बादशांतून मी कोणता काढला, ते मी बघितलंच नव्हतं. बादशा म्हटला की त्या दिवसापासून माझ्या डोळ्यांपुढं एकच यायचा, तोच हाताला लागला, तोच घातला.

"बदामचा," मी म्हटलं.

"आन हा कोणता हाय?"

मी फोन धरून उरलेला कॅट चाळला, त्यात बदामचा नव्हता.

"फोन चालू हाय का?"

"हाय."

"मग एक बादशा जमिनीवर आन तोच तुमच्या हातात, असं कसं झालं?"

"मोतीबिंदू मला बी झाला असंल," मी म्हटलं.

मला वाटलं रागावला. मग घोगरं, खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं, आणि तो हसतोय असं कळायला मला वेळ लागला. नऊ वर्षांत त्याला इतका हसलेला मी तेवढाच ऐकला.

"म्हंजे मी राण्या टाकल्या," म्हणाला, "आन समोर काय होतं? काय होतं तुमच्याकडं?"

"किंमत एकदाच टाकलीय तुमी. एकदा दाखवलंय."

"सोमवारच्या गाडीनं यायलोय," तो म्हणाला. "पत्ते पिसून ठेवा. आता राण्या आल्या तर मारून टाका मला, टाकणार न्हाई."

मागून लेकीचा आवाज आला, "बाबा, नका, घरात नका, खालची लोकं…" आणि फोनमध्ये शिट्टी वाजली. एक लांब. मी फोन कानापासून लांब धरला. मग दोन आखूड.

मी खिळ्यावरची किल्ली काढून मागची खोली उघडली, झाडली. मग मोरीजवळची शेळी सोडून पलीकडं लिंबाखाली बांधली.